आईच्या नावाची काडी

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर माझं डोकं फुटेल. दहा मिनिटांपूर्वी आईच्या फोनवर आमच्या मराठी मंडळाचा मेसेज आला. "वहिनी, आपला सदस्यत्वाचा अर्ज अपवाद म्हणून मंजूर करण्यात येत आहे." खाली हात जोडलेले. त्याच्या खाली फुलं. अपवाद म्हणून! आईने वाचला, "बरं" म्हणाली आणि परत कणीक मळायला लागली. मी जिने चढून खोलीत आले आणि टाइप करतेय, इतकं जोरात की टेबल हलतंय. पुढच्या आठवड्यात माझी शाळेची फायनल परीक्षा आहे, ग्रीकचा पेपर आहे, आणि मी हे लिहितेय. असू दे. हे सगळं ग्रीकमुळेच झालंय.

नीट सांगते, पहिल्यापासून.

आम्ही हूफडॉर्पला राहतो, डच लोकांच्या देशात. मी सात वर्षांची असताना बाबांच्या कंपनीने आम्हाला पुण्याहून इकडे आणलं. म्हणजे बाबांना आणलं. मी आणि आई त्यांच्या कागदांना टाचणी लावून जोडल्यासारख्या आलो. डिपेंडंट. इथे आल्यावर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला शब्द तो. बँकेत, डॉक्टरकडे, गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सगळीकडे आधी बाबा आणि मग "ह्या त्यांच्या डिपेंडंट." आई पुण्यात शाळेत शिकवायची. इथे आल्यावर तीन वर्षं घरी होती, मग डच शिकली, आता एका पाळणाघरात काम करते. आणि दर रविवारी सकाळी साडेदहा ते बारा मराठीचा वर्ग घेते. सहा वर्षं झाली. मंडळाने वस्तीतल्या समाजकेंद्राचा हॉल रविवारी भाड्याने घेतलेला असतो, तिथे. तेवीस मुलं. फुकट. तेवीस मुलं, जी घरी आईबाबांना डचमध्ये उत्तर देतात, आणि त्या दीड तासात "बाई, मला शू लागली" एवढं तरी मराठीत म्हणतात. माझंही मराठी टिकलं ते तिच्यामुळे. मी तिची पहिली गिऱ्हाईक.

आता प्रॉब्लेम काय होता. बारा वाजता त्याच हॉलमध्ये काका लोकांचं टेबल टेनिस सुरू होतं. बारा म्हणजे पावणेबारालाच ते बॅटा घेऊन दारात उभे. मग अकरा चाळीसला. मग "वहिनी, जरा टेबलं उघडून ठेवतो, तुमचं चालू द्या." मुलं बाराखडी म्हणतायत आणि मागे धाड धाड टेबलं उघडतायत. गेल्या वर्षी ठरलं की टूर्नामेंट आहे म्हणून दोन महिने वर्ग बंद. ठरलं म्हणजे कमिटीने ठरवलं. कमिटीत पाच काका. पाचही टेबल टेनिसवाले.

म्हणून आईला कमिटीत जायचं होतं. बाकी काही नाही. अध्यक्ष व्हायचं नव्हतं, स्टेजवर बसायचं नव्हतं. हॉल कुणाला कधी मिळणार हे ज्या मीटिंगमध्ये ठरतं, तिथे एक खुर्ची हवी होती. दोनदा तिने नाव दिलं. दोन्ही वेळा काकांनी तिला चहाच्या टेबलाशी गाठलं आणि समजावलं. "वहिनी, तुम्ही वर्ग इतका सुंदर घेता, कशाला ह्या राजकारणात पडता?" आणि मग टाळ्या, आणि "कमिटी बिनविरोध निवडून आली आहे." दरवर्षी बिनविरोध. जणू काही केवढा पराक्रम!

आता ग्रीक.

इथे बारा वर्षांची मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांमध्ये जातात, आणि मी ज्या प्रकारात गेले तिथे लॅटिन आणि जुनी ग्रीक शिकवतात. बाबांना धक्का बसला होता. "ग्रीक? आणि कोडिंग?" आई म्हणाली, "अरे, आपल्याकडे संस्कृत घ्यायचे तसं. स्कोअरिंग असेल." स्कोअरिंग अजिबात नाही, मी रडत रडत क्रियापदं पाठ केलीयेत. पण आमचे ग्रीकचे सर! साठीचे असतील, सायकलच्या पुढे दुधाच्या बाटल्यांचा असतो तसला क्रेट, त्यात वह्या आणि केळी. आमच्याकडे सरांनाही नुसतं नावाने हाक मारतात, मला सहा वर्षांत एकदाही जमलं नाही, मी "मेनेअर" म्हणते, म्हणजे सर, आणि वर्ग हसतो.

तर ह्या सरांनी जानेवारीत आम्हाला अथेन्सचा राज्यकारभार शिकवला. आणि मी वेडी झाले. कारण मला वाटायचं लोकशाही म्हणजे निवडणूक. तिथे तर उलटंच! निवडणुकीवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे सेनापती वगैरे निवडून द्यायचे, तिथे येड्यागबाळ्याचं काम नाही. पण बाकी बहुतेक सगळी पदं चिठ्ठ्या टाकून. पाचशे जणांची सभा असायची, ती चिठ्ठीने. एका वर्षापुरती. आयुष्यात फार तर दोनदा. का? कारण निवडणूक झाली की श्रीमंत जिंकणार, गोड बोलणारा जिंकणार, ज्याला सगळे ओळखतात तो जिंकणार. म्हणजे आमचे अध्यक्ष काका जिंकणार! मी बाकावर उडीच मारली. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आमच्या मंडळाचं आठवलं."

आणि त्यांच्याकडे ह्यासाठी एक यंत्र होतं. दगडाची उभी शिळा, तिच्यात खाचांच्या रांगा. प्रत्येकाच्या नावाची एक पट्टी, ती खाचेत खोचायची. बाजूला एक नळी. नळीत वरून काळ्यापांढऱ्या गोट्या टाकायच्या, खालून एकेक सोडायची. पांढरी आली की ती रांग निवडली, काळी आली की ती रांग घरी. कुणाचा वशिला नाही, कुणाचं "वहिनी, कशाला पडता" नाही. आम्ही वर्गात पुठ्ठ्याचं बनवलं आणि आठवडाभर फळा कोण पुसणार ते त्यावर ठरवलं.

मी घरी येऊन जेवताना दोन तास बोलत होते. बाबा म्हणाले, "श्वास घे." आई मात्र ऐकत होती. तिने भाजी वाढायची थांबवली आणि विचारलं, "म्हणजे कुणाला समजावायची सोयच नाही?"

"नाहीच ना! गोटीला कोण समजावणार?"

"मग मंडळात सांग की हे."

मी यंत्र बनवलं, एका रांगेत एकच काडी बसेल असं. कपाटाच्या खोक्याचा पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, एक प्लास्टिकची नळी, आणि गोट्यांऐवजी काबुली चणे आणि राजमा, कारण घरात तेच होतं. आणि सर म्हणाले होते की यंत्राच्या आधी तर अथेन्सवाले दाण्यांनीच निवडायचे, त्यामुळे हे एकदम ऑथेंटिक. वार्षिक सभेत मी प्रेझेंटेशन केलं. वीस मिनिटं मागून घेतली होती, पस्तीस बोलले. आणि लोकांना आवडलं! काकू लोक पुढच्या रांगेत येऊन बसल्या. एका काकांनी विचारलं, "म्हणजे आपल्या भिशीसारखं?" मी म्हटलं, "हो काका, एक्झॅक्टली, फक्त राज्याची भिशी!" सगळे हसले. अध्यक्ष काकासुद्धा. अध्यक्ष काका म्हणजे तुमच्याही ओळखीतले एक असतील: सगळ्यात आधी आलेले, सगळ्यांना घर शोधून दिलेले, विमानतळावर घ्यायला येणारे. वाईट माणूस नाही. हेच तर त्रासदायक आहे. आम्ही आलो तेव्हा पहिल्या दिवशी पिठलं-भात त्यांच्याकडून आला होता.

ते उठले आणि म्हणाले, "उत्तम कल्पना. नवी पिढी इतिहासातून शिकतेय. ह्या वर्षी कमिटी अशीच निवडू." टाळ्या! मी आईकडे बघितलं. ती हसत होती आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. ती टेन्शनमध्ये असली की तसं करते.

मी काड्या वाटायला लागले. काका म्हणाले, "थांब बाळा, तू विषय कळवलास तेव्हाच मी काड्या लिहून ठेवल्यात. यादीवरून." त्यांनी खिशातून जुडगा काढला, रबर लावलेला. चाळीस काड्या. मी मोजल्या. हॉलमध्ये मोठी माणसंच ऐंशीच्या आसपास होती.

"काका, अर्ध्याच आहेत."

"मुख्य सदस्यांच्या आहेत. चाळीस कुटुंबं, चाळीस मुख्य सदस्य."

मी काड्या खाली ओतल्या आणि बघितल्या. सगळी काकांची नावं. एकूण एक. आमच्या घरची काडी बाबांच्या नावाची.

आता हे ऐका. मंडळाच्या सदस्यत्वाच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत. "मुख्य सदस्य" आणि "डिपेंडंट्स". मला वाटायचं सगळ्याच मंडळांमध्ये असं असतं. मी विचारलं, "काका, हा फॉर्म कुणी केला?" तर ते अभिमानाने, खरंच अभिमानाने म्हणाले, "मीच. सुरुवातीला कुठे काय होतं? आमच्या कंपनीचा रीलोकेशनचा फॉर्म होता, त्यातला लोगो काढला आणि गणपतीचा टाकला."

म्हणजे कळलं का? व्हिसाचा फॉर्म! माझ्या आईला इथल्या सरकारने केव्हाच मोकळं केलंय. तिचा स्वतःचा परवाना आहे. गेमेंटेच्या निवडणुकीत तिला मतदानाचं पत्र तिच्या स्वतःच्या नावाने पोस्टाने येतं, ती सायकलवरून जाते, लाल पेन्सिलीने गोल रंगवते आणि येते. बाबांना विचारत नाही. बाबांचं आणि तिचं मत वेगळं असतं, त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडण होतं. ह्या परक्या देशात ती एक अख्खं मत आहे, आणि आपल्या मराठी मंडळात, जिथे ती सहा वर्षं शिकवते, तिथे ती बाबांच्या काडीचं शेपूट!

मी म्हटलं, "मग आत्ता बदलू. प्रत्येकाची काडी. माझ्याकडे शंभर आहेत."

आणि टेबल टेनिसवाल्यांपैकी एक काका, जे तीन वर्षं कमिटीत आहेत आणि ज्यांनी मघापासून तोंड उघडलं नव्हतं, ते मागून म्हणाले, "अगं पण तूच सांगितलंस ना? तुझ्या त्या स्लाइडवर होतं. अथेन्समध्ये बायकांना मत नव्हतं. बाहेरून आलेल्यांनाही नव्हतं. मग ऑथेंटिकच करू की!"

हॉल हसला. सगळा हॉल. काकूसुद्धा हसल्या, ते मला अजून खुपतंय. माझ्या स्लाइडवर खरंच होतं ते, सातव्या नंबरच्या स्लाइडवर, मी लाल अक्षरात लिहिलं होतं, खाली लिहिलं होतं "ही त्यांची सगळ्यात मोठी चूक". खालची ओळ कुणी वाचलीच नाही. बायका नाहीत, गुलाम नाहीत, आणि पिढ्यान्पिढ्या अथेन्समध्ये राहून कर भरणारे, लढाईला जाणारे परके, त्यांनाही सभेत जागा नाही. मी ते चूक म्हणून दाखवलं आणि त्यांनी ते नियम म्हणून घेतलं. राग कसला येतो माहितीये? मी त्यांच्या हातात आयतं नेऊन दिलं, पॉवरपॉइंट करून.

आईने मला खुणेने सांगितलं, बस. मी बसले.

चणे आणि राजमा सुटले. मीच नळी धरली होती. आणि पाचव्या जागेला पांढरा चणा आला आणि त्या रांगेतली काडी निघाली ती बाबांची.

"वा वा वा!" अध्यक्ष काका ओरडले. "बघा वहिनी, शेवटी खुर्ची तुमच्याच घरी आली!"

बाबा उठले, लाजल्यासारखं हसले, लोकांनी पाठीवर थापा मारल्या. आई टाळ्या वाजवत होती. आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. कारण मला आठवलं की अथेन्समध्ये चिठ्ठी निघाली म्हणजे संपलं नाही. त्यानंतर चौकशी असायची. निवडलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करून विचारायचे, तुझे वडील कोण, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, लढाईला गेला होतास का. आणि मग विचारायचे, कुणाचा आक्षेप आहे? कुणीही नागरिक उठून बोलू शकायचा.

मी उठले. "चौकशी राहिली. स्लाइड अकरा. ऑथेंटिक करायचंय ना?"

कुणीतरी म्हणालं, "करू दे, मजा येईल." पहिल्या चार काकांना मी काही विचारलं नाही. मी बाबांकडे वळले.

"तुम्ही मराठी वर्गाचं काम कमिटीत मांडणार?"

"अर्थात," बाबा म्हणाले, अजून हसत होते.

"वर्गात मुलं किती आहेत?"

"पंधरा… अठरा?"

"तेवीस. हॉलची किल्ली कोण आणतं?"

"ती… गेमेंटेकडून असेल."

"आई आणते. सकाळी पावणेदहाला, केअरटेकरच्या घरून, सायकलवर, पावसातसुद्धा. वर्गातली कुठलीही पाच मुलं सांगा."

बाबा विचार करायला लागले. खरंच मनापासून. मग म्हणाले, "तो लाल जॅकेटवाला. मग ती… पिवळ्या रेनकोटवाली. आणि तो, टोपीला कान आहेत तो."

लोक खो खो हसले. मला आधी कळलंच नाही का हसतायत, आणि मग कळलं. बाबा पण टेबल टेनिसवाले. ते दर रविवारी बाराला पाच कमी असताना येतात, हातात बॅट. त्यांनी ही मुलं कायम घरी जातानाच पाहिलीयेत. जॅकेट घातलेली. सहा वर्षांत एकदाही त्यांनी त्यांना जॅकेटशिवाय पाहिलेलं नाही.

बाबांचं हसू गेलं. लाल झाले. ते माझ्याकडे बघत होते, मग आईकडे, आणि म्हणाले, "मला नाही येत ह्याची उत्तरं. मी माघार घेतो. तिला घ्या. तिला सगळं येतं."

एक सेकंद, खरंच एकच सेकंद, मला वाटलं जिंकलो.

"असं कसं चालेल?" अध्यक्ष काका म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "त्या मुख्य सदस्य नाहीत ना. प्रोसेस म्हणजे प्रोसेस. पुढची काडी काढू." पुढची काडी त्या "ऑथेंटिक"वाल्या काकांचीच निघाली. मी तोंड उघडलं तर अध्यक्ष काका म्हणाले, "प्रश्नबिश्न पुरे आता, जेवण गार होतंय." पुन्हा कमिटीत पाचही टेबल टेनिसवाले. चण्याने निवडलेले तेच!

दोन आठवड्यांनी निर्णय आला. वर्ग सकाळी नऊला, तोही एक रविवार आड. कोण आणणार मुलांना रविवारी नऊला? तेवीसची अकरा झाली.

पण मला जे खरं सांगायचंय ते त्या दिवशी गाडीत झालं. सभेतून निघालो, बाबा गाडी चालवतायत. मला वाटलं आई माझा हात धरेल. निदान म्हणेल, बरं केलंस. तर ती समोर बघत म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं त्याला उभं करायला?"

"आई, ते अन्याय…"

"त्याची काडी निघाली होती. तो मीटिंगला गेला असता. मी त्याला कागदावर लिहून दिलं असतं, काय बोलायचं, कुठे अडायचं. वर्ग वाचला असता. वीस वर्षं तेच करतेय मी, त्याच्या तोंडून कामं करून घेतेय. तुझ्या शाळेच्या ॲडमिशनचं पत्र कुणी लिहिलं होतं? सही कुणाची होती?"

इंडिकेटर टिक टिक वाजत होता.

"मला तसं नको होतं," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा अजून राग येत होता. "त्यांच्या तोंडून नको. तुझ्याच तोंडून हवं होतं."

"तुला नको होतं. वर्ग तुझा होता का?"

सात आठवडे झाले, मी ग्रीक क्रियापदं पाठ करता करता हेच वाक्य घोकतेय. मी काकांवर चिडले, हसणाऱ्या काकूंवर चिडले, बाबांवर चिडले, आणि ज्या एका माणसासाठी हे सगळं केलं तिच्या हातातली होती नव्हती ती काडी मीच मोडली. सरांना सांगितलं तर ते केळं खात खात म्हणाले, "तू तुझ्या वडिलांची चौकशी केलीस, पण नियमाची चौकशी केली नाहीस. यादी कुणाची हे आधी विचारायला हवं होतं." मेनेअर, मला हे जानेवारीत सांगायचं ना!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आई टेबलाशी फॉर्म घेऊन बसली होती. मंडळाचा तोच फॉर्म, प्रिंट काढलेला. मुख्य सदस्य: तिचं नाव. ठळक अक्षरात, वर्गात फळ्यावर लिहिते तसं, गोल गोल. खाली डिपेंडंट्स: एक, बाबांचं नाव. दोन, माझं.

बाबा ऑफिसमधून आले, त्यांनी वाचलं. "मी डिपेंडंट?"

"हो."

"नातं, पती." ते वाचत होते. "जेवण कोण बनवणार हा रकाना नाहीये नशीब."

"आहे, मागच्या पानावर," आई म्हणाली. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मी नाही हसले. मी चिडलेलीच होते.

फॉर्म पाठवला. आठ दिवसांनी उत्तर: "सिस्टिममध्ये एका पत्त्यावर एकच मुख्य सदस्य घेता येतो." सिस्टिम म्हणजे काकांची एक्सेल शीट. मी म्हटलं, आता मी जाऊन त्यांच्या दारात बसते. पण त्या रविवारी बाबांनी, मला न सांगता, आईला न सांगता, मंडळाला एका ओळीचा मेल केला. "माझे सदस्यत्व रद्द करावे, म्हणजे पत्ता मोकळा होईल." ग्रुपमध्ये लोकांनी विचारलं, काय झालं, भांडण झालं का, टेबल टेनिसला येणार नाही का? बाबांनी लिहिलं, "बायको मुख्य सदस्य झाली की डिपेंडंट म्हणून येईन." सतरा जणांनी हसण्याच्या बाहुल्या टाकल्या. एका काकूंनी मला वेगळा मेसेज केला, फक्त एवढाच: "त्या फॉर्मची पीडीएफ पाठवशील का गं?" एकाच काकूंनी. ज्या पहिल्या रांगेत बसून हसल्या होत्या त्याच.

मग पाच आठवडे काही नाही. "कमिटीपुढे ठेवतो." "विचार चालू आहे." आणि आज हे: अपवाद म्हणून मंजूर.

हे लिहिता लिहिता मी मध्येच खाली जाऊन आईला म्हटलं, "तू अपवाद नाहीयेस. परत पाठव. लिही की नियम बदला, मगच घेईन."

ती पोळी लाटत होती. "आणि वर्ग?"

"पण आई, पुढच्या वर्षी दुसरी कुणी आली की परत तेच, परत अर्ज, परत फुलं!"

"पुढच्या वर्षी त्या यंत्रात माझी काडी असेल," ती म्हणाली. "आणि तेव्हा मला उभं करून विचार, मुलं किती. पोळ्या डब्यात ठेव, गार होतील."

बाबा कोपऱ्यात उभे राहून मुलांच्या हजेरीचा कागद वाचत होते. हल्ली रविवारी किल्ली ते आणतात, साडेआठला. दोन नावं अजून चुकतात. मी डबा घेतला, झाकण इतक्या जोरात आपटलं की आई म्हणाली, "त्या झाकणाने काय केलंय?"

मला अजूनही वाटतं तिने घ्यायला नको होतं. अपवाद म्हणून दिलेलं मी तरी घेणार नाही. पण फॉर्मवर मी डिपेंडंट नंबर दोन आहे, आणि त्या अकरा मुलांना मी शिकवत नाही, ती शिकवते. म्हणून गप्प बसून तुम्हाला लिहितेय. तुम्ही ह्या देशात जिथे असाल तिथे, बेस्ट गावाला, झुइडओस्टला, कुठेही, तुमच्या मंडळाचा फॉर्म जरा उघडून बघा ना. पहिल्या रकान्यात कुणाचं नाव आहे? तुमच्या आईलाही कधी कुणी फुलं टाकून, हात जोडून अपवाद केलंय का? आणि तिने ते घेतलं तेव्हा तुम्ही काय केलंत?